गाठवाल्यांचा गुरुवार

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि गेल्या तीन वर्षांपासून नवऱ्याचा गुरुवार तिचा राहिला नव्हता. बाकीचे सहा वार तो कामावरून सरळ घरी यायचा, हात धुवायचा, जेवायचा आणि गप्प बसायचा. गुरुवारी मात्र साडेचारलाच परत यायचा. अंघोळ करून पांढरा शर्ट घालायचा, ‘येतो’ म्हणायचा आणि बाहेर पडायचा. त्या शर्टाला इस्त्री तीच करायची, आणि ते तिला सगळ्यात जास्त झोंबायचं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखात्यात होती. दिवसभर चादरी वाफेच्या इस्त्रीतून काढायच्या, समोरच्या बाईबरोबर दोन-दोन टोकं धरून घड्या घालायच्या, इस्पितळाचा शिक्का वर दिसेल अशा थप्प्या लावायच्या. दोन वाजता सुट्टी.

तो ज्या मंडळात जायचा त्याला अख्खं गाव ‘गाठवाले’ म्हणायचं. त्यांच्या इमारतीवर पाटी नव्हती, दाराच्या वर दगडात कोरलेली एक दोरीची गाठ होती फक्त. खिडक्या कायम बंद. बायकांना आत प्रवेश नाही. इस्पितळातल्या डायलिसिसच्या दोन मशीन त्यांनी दिलेल्या, चाकाच्या खुर्च्याही त्यांच्याच. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर बोटाएवढी गाठ छापलेली. एकदा एका पेशंटच्या सुनेने सासऱ्यांना त्या खुर्चीत बसूच दिलं नाही, म्हणाली, यात काहीतरी उतरवलेलं असतं. म्हातारा ओरडला, ‘‘जे काय असेल ते असू दे गं, मला एक्स-रेला पोचव!’’

धुलाईखात्यात तिच्याबरोबर घड्या घालणारी बाई आवाजामुळे ‘भोंगा’ म्हणून ओळखली जायची. तिच्याकडे गाठवाल्यांची बातमी रोज ताजी असायची.

‘‘आत म्हणे कवटीवर हात ठेवून शपथ घेतात.’’

‘‘कवटी कुणाची?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘मागच्या वेळी ज्याने तोंड उघडलं त्याची!’’

सगळ्या हसल्या. तीही हसली. नवरा त्यांच्यात आहे हे तिने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज नव्हती वाटत. पण पुढचा प्रश्न ‘तो आत काय करतो?’ हाच आला असता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

एकदा तिने त्याला थेट विचारलं होतं.

‘‘अहो, तिथे करता काय तुम्ही?’’

‘‘सांगता येत नाही गं.’’

‘‘येत नाही की सांगायचं नाही?’’

‘‘शपथ आहे.’’

‘‘आणि माझ्याशी लग्न करताना घेतलीत ती काय होती?’’

त्याने ताट उचललं, घासलं आणि जाऊन झोपला. दुसरी बाई असती तर परवडलं असतं, तिला वाटलं. तिच्या दारात जाऊन भांडता तरी आलं असतं.

मग एका गुरुवारी दुपारपाळीची बाई आजारी पडली आणि तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. साडेपाचला चादरींची ढकलगाडी घेऊन ती डायलिसिसच्या खोलीत गेली. तिथे तिला कधी जावं लागत नसे. चार खाटा, मधे हिरवे पडदे. शेवटच्या पडद्यामागून एका पुरुषाचा आवाज येत होता.

‘‘...चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकलेली. आत एक जाडजूड वकील आणि त्याच्या शेजारणीचा पोपट. मी वरून ओरडलो, घाबरू नका! तर वकील गप्प, आणि पोपट म्हणतो, फी किती, फी किती!’’

एक म्हातारी बाई खोकेपर्यंत हसली. तोही हसला, मोकळं, पोटातून. ते हसू तिने ओळखलं. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ते घरात होतं.

ती गाडी धरून उभी राहिली. पोपटाचा हा प्रकार कधी झाला? त्या दिवशी घरी येऊन तो काय म्हणाला होता? ‘काही नाही, एक लिफ्ट अडकली होती,’ एवढंच म्हणाला असणार. म्हणजे गोष्टी याच्याकडे होत्या. आठवडाभर साठवून, पांढरा शर्ट घालून तो त्या इथे आणून देत होता. आणि घरी आणत होता नुसतं रिकामं तोंड.

चादरी तिथेच ठेवून ती परत खाली आली. परिचारिकेकडून तिला कळलं की गाठवाले ज्यांना कुणी नाही अशा पेशंटजवळ येऊन बसतात. नाव सांगत नाहीत, कुणाला सांगूही देत नाहीत. त्या म्हातारीला सगळे फोनवाल्या बाई म्हणायचे. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या त्यांनी.

आपला नवरा चांगलं काम करतोय हे तिला कळत होतं. म्हणूनच आणखी जळत होतं. वाईट काही असतं तर रागावायला हक्क होता. आता एका आजारी, एकट्या बाईचा हेवा करायचा, आणि तोही मनातल्या मनात!

दुसऱ्या दिवशी भोंग्याने पुन्हा कवटीचा विषय काढला आणि हिचा तोल गेला. ‘‘कवटी नाही न् काही नाही! माझाच नवरा आहे त्यांच्यात. त्या फोनवाल्या बाईंपाशी बसून गप्पा मारतो. बाईंचं घर आहे, पैसा आहे, म्हणून बसत असतील, कुणी सांगावं!’’

शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. जीभ घसरली म्हणावं, तर तसंही नव्हतं. क्षणभर बरं वाटलं होतं तिला.

भोंग्याच्या तोंडून ते आठवड्याभरात गावभर झालं. काल कवटीच्या गोष्टी सांगणारे आज विचारायला लागले, ‘आमच्या वडिलांजवळही बसाल का?’ बाकीचे म्हणाले, ‘बघा, म्हाताऱ्यांची घरं लिहून घेतात.’ आणि तीन वर्षांत एकदाही न आलेला फोनवाल्या बाईंचा भाचा इस्पितळात येऊन थडकला. त्याने मुख्य डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली. गाठवाल्यांचं येणं बंद झालं. एका फोनवाल्या बाईंपाशीच नाही, सगळ्याच पेशंटजवळ.

पुढच्या गुरुवारी तो घरीच होता. जुनाच चौकडीचा शर्ट घालून खिडकीत बसला. तिला हवा होता तो गुरुवार मिळाला होता, आणि त्यात एक अक्षर नव्हतं. त्याच्या पुढ्यात चहा निवत राहिला.

मंडळाने त्याला काढून टाकलं असणार, असं तिला वाटलं. दोन दिवसांनी न राहवून ती गाठवाल्यांच्या प्रमुखांकडे गेली. ते दातांचे डॉक्टर होते. त्यांनी तिला पेशंटच्या खुर्चीतच बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती.

‘‘त्यांना परत घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘बोलले ते नाहीत.’’

‘‘आम्ही काढलंच नाही त्यांना. ते स्वतः येऊन सांगून गेले, ‘माझ्याच तोंडून निघालं, मला राहायचा हक्क नाही.’’’

‘‘खोटं आहे ते. मी बोलले.’’

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ‘‘तसा आम्हाला अंदाज होता. पण माणूस असं स्वतःवर घेतो तेव्हा आम्ही वाद घालत नाही.’’

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने त्याला सांगून टाकलं. पडद्यामागचं, धुलाईखात्यातलं, घराबद्दलचं वाक्यसुद्धा.

‘‘माहीत आहे,’’ तो म्हणाला.

‘‘मग माझं नाव का नाही घेतलंत?’’

‘‘तीन वर्षं तुला एक शब्द सांगितला नाही मी. तू चार बोललीस, तर दोष कुणाला देऊ?’’

‘‘मला तुमचं गुपित नको होतं हो! ठेवा ते कुलपात. पण तो पोपट... तो तर गुपित नव्हता ना?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘घरी आलो की वाटतं, हिला काय सांगायचं, हिला सगळं माहीतच आहे. तिथे माझं कुणाला काही माहीत नसतं.’’

हे ऐकून तिला बरं वाटलं नाही. पण खरं होतं ते, आणि त्याने आपणहून सांगितलं होतं.

सोमवारी ती रजा टाकून मुख्य डॉक्टरांकडे गेली आणि घराची गोष्ट आपण रागात रचली, असं सांगून लिहून दिलं. धुलाईखात्यातही सांगितलं. भोंगा त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. भाच्याचा बंदोबस्त मात्र फोनवाल्या बाईंनी स्वतः केला. ‘‘घर मी चार वर्षांपूर्वीच विकून खाल्लं रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता बस, गप्पा मार. नाहीतर त्याला येऊ दे.’’ भाचा पुन्हा दिसला नाही.

महिन्याभराने इस्पितळाने गाठवाल्यांना परवानगी दिली. तिचा नवरा मंडळात परत गेला नाही. तो आता बाईंचा ओळखीचा माणूस म्हणून, वहीत नाव लिहून, भेटायच्या वेळेत जातो. कधीकधी तीही जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा बाईंनी तिचा हात हातात घेतला. ‘‘तुझ्या वाट्याचा फार वेळ घेतला गं आम्ही,’’ म्हणाल्या. तो गोष्ट सांगायला लागला, आणि सांगताना बाईंकडेच बघत होता. तिला पुन्हा तोच हेवा वाटला. दिसू नये म्हणून ती खाटेची चादर सारखी करत बसली.

घरी चालत जाताना तो नेहमीसारखा गप्प होता. कोपऱ्यावर ती थांबली. ‘‘चांगलं ते सगळं तिथे संपवून आलात. मला काय?’’

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘आज एक बेअरिंग खराब झालं होतं...’’ आणि त्या बेअरिंगची हकिकत सांगायला लागला. कुठल्या मापाचं, कुणी आणलं, ते कसं बसेना. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, मधेच दोनदा तो स्वतःच विसरला. घराचं दार येईपर्यंत तिने एकदाही त्याला मधे तोडलं नाही.