परातीआडचा राऊटर

मित्रांनो, मी एक वाय-फायचा राऊटर आहे. जुना म्हणावं तर मला अजून वर्षही झालेलं नाही, पण शोकेसच्या कोंडवाड्याने मला पार म्हातारा करून टाकलं. दोन शिंगांचा काळा राऊटर तुम्ही पाहिला असेल. तसला मी नव्हे. मी मेश जातीचा. आम्ही जोडीने राहतो. एक भाऊ हॉलमध्ये, दुसरा आतल्या खोलीत, आणि लांबूनच आमचं सतत बोलणं चालतं. ते चालू राहिलं तरच नेट आतपर्यंत पोहोचतं. एवढं ध्यानात ठेवा, माझी सगळी रड त्याचीच आहे.

हितेशभाईंच्या दुकानात आम्ही दोघे एका पांढऱ्या खोक्यात, सगळ्यात वरच्या फळीवर होतो. स्वस्त माल खाली, हात लागेल तिथे. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? एके दिवशी कौस्तुभ आला. मोबाईलवर वाचून वाचून त्याचं डोकं पिकलं होतं, तरी निर्णय होत नव्हता.

"साहब, वन बीएचके है ना? इतना हेवी क्यों? बीचवाला ले लो," हितेशभाई म्हणाले.

"नहीं, जो सबसे अच्छा है वही दो. पिताजी के लिए चाहिए."

त्याचे वडील काशीनाथकाका. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. शांती नगरातली त्यांची बिल्डिंग जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. म्हणून बोलायला शिकवणाऱ्या सुचेता मॅडम टॅबवर यायच्या. जुन्या राऊटरचं नेट आत पोहोचायचं नाही, मॅडम मध्येच गोठायच्या. त्यांनी बजावलं होतं, "गेलेलं बोलणं सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त परत येतं. हे दिवस वाया घालवू नका." दिवसभर ऑफिसात अडकलेल्या कौस्तुभला बापासाठी स्वतःच्या हाताने काही करता येत नव्हतं. म्हणून त्याने मला घेतलं.

त्याने मला हॉलमध्ये उघड्या टेबलावर ठेवलं आणि भावाला आतल्या कपाटावर. मी हाक मारली, भावाने ओ दिली. कौस्तुभ मोबाईल घेऊन सगळीकडे फिरला, अगदी बाथरूममध्येसुद्धा, आणि बायकोला म्हणाला, "रुचिता, बघ, फुल रेंज येतेय." ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली संध्याकाळ होती.

सकाळी दोघं कामाला गेली आणि शैलाकाकू, म्हणजे कौस्तुभची आई, हातात फडकं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एवढी महागाची वस्तू, आणि अशी उघड्यावर? धूळ बसेल, कुणाचा धक्का लागेल."

त्यांनी मला हळूच उचललं आणि शोकेसमध्ये ठेवलं. जुन्या टीव्हीसाठी पाडलेल्या भोकातून माझ्या वायरी ओवल्या. वायरी दिसायला वाईट, म्हणून लग्नातली भलीमोठी पितळी परात माझ्यापुढे उभी केली. काचेचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली देवघरात. "आता कसं छान वाटतंय," काकू म्हणाल्या.

छान? मित्रांनो, मागे आरसा आणि पुढे परात. आमचा आवाज धातूपुढे चालत नाही. भावाला मारलेली हाक परातीवर आपटून माझ्याच अंगावर यायची. तिकडे त्याचा दिवा लाल झाला. रात्री कौस्तुभने विचारलं, "आई, ह्याला आत का कोंबलंस गं?"

"दिवा लागतोय ना त्याचा? मग झालं तर."

हॉलमध्ये त्याचा मोबाईल बरा चालत होता. बिचारा दमून आला होता, त्याने विषय सोडला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हाला नुसते दिवे दिलेत, तोंड दिलेलं नाही.

परातीच्या कडेच्या फटीतून मला आतल्या खोलीतला काकांचा पलंग दिसायचा. काकाही पडल्या पडल्या शोकेसकडे बघत असायचे. त्यांना जिना उतरता येत नव्हता आणि मला परात हलवता येत नव्हती. त्या घरात माझं दुःख कळेल असं दुसरं कोणी नव्हतं.

मॅडम सांगायच्या, "काका, बायकोला हाक मारा बघू. म्हणा, शै-ला." काका कसनुसे व्हायचे. संसार झाला, पण त्यांनी काकूंना नावाने कधी हाक मारली नव्हती. ओठ हलवायला जावं तर मॅडम तोंड उघडं ठेवून गोठलेल्या. "घ्या, गेल्या मॅडम," म्हणत काकू टॅबवर टिचक्या मारायच्या. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, "काकू, असं तुटत राहिलं तर उपयोग नाही. आजचं बघूया, नाहीतर त्यांना क्लिनिकलाच आणावं लागेल." तीन जिने कोण उतरवणार? काकू डोळे पुसत शोकेसपाशी आल्या आणि मलाच म्हणाल्या, "एवढा महागाचा तू, काय जाळायचाय तुला?" मला असा संताप आला म्हणून सांगू! बाई, आधी दार उघड, मग बोल.

हात रिकामे राहिले की त्यांना रडू यायचं. म्हणून टॅब काकांपुढे तसाच टेकवून त्यांनी दार उघडलं आणि परात घासायला बाहेर काढली. मी जीव खाऊन भावाला हाक मारली. त्याने ओ दिली. आत मॅडम हलल्या, बोलू लागल्या. काकांनी टॅबकडे बघितलं, मग शोकेसकडे.

चिंच लावून लख्ख केलेली परात काकूंनी परत ठेवली. मॅडम गोठल्या.

काकांनी डावा हात शोकेसकडे केला. काकूंना वाटलं, कॅरममध्ये बक्षीस मिळालेली ढाल हवी असेल. परात बाजूला करून ती काढली, तेवढ्यात मॅडम हलल्या. परात परत जागेवर गेली, मॅडम गोठल्या. काकांनी ढाल ढकलून दिली. मग काकूंनी पुन्हा परात काढून आतला चांदीचा गणपती आणून दिला. तोही नको होता. "अहो, काय हवंय तुम्हाला? मला कसं कळणार?" काकू रडकुंडीला आल्या. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. परात अजून बाहेरच होती. काकू ती उचलून माझ्याकडे आल्या. परत तोच अंधार, मला बघवेना.

"अगं."

काकू होत्या तिथेच थांबल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"अगं... परात... नको."

काकूंनी परात छातीशी धरली आणि तशाच खाली बसल्या. आतून मॅडमचा आवाज स्पष्ट येत होता, "काकू, ऐकलंत ना? काकू?" आता त्यांच्याच तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. माझ्यावर धूळ बसते, रविवारी रुचिता पुसते. परातीत कणीक मळतात. मॅडमनी "शैला"चा नाद सोडलाय. मित्रांनो, तुम्हीही आवडती वस्तू काळजीपोटी कोंडून ठेवू नका. वापरा, धूळ बसली तर पुसा. आणि घरात कोणी बोलू शकत नसेल तर ते कुठे बघतंय तेवढं बघा.

हल्ली काकू कणीक मळायची परात उगाचच हॉलमधून माझ्यासमोरून नेतात. स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला आहे. त्या माझ्यापाशी येऊन थांबतात, परात थोडी वर उचलतात आणि वाट बघतात.

आतून आवाज येतो, "अगं."