खातीपुऱ्यातला सातारचा राउटर

बदलीच्या नोकरीतली माणसं चालू वस्तू टाकून देत नाहीत. माझे सासरे राजन पंडित बँकेतून निवृत्त झाले तोवर त्यांच्या संसाराने निम्मा महाराष्ट्र पालथा घातला होता, आणि प्रत्येक गावातल्या पडद्याच्या दांड्या, नळाच्या तोट्या, गॅसचे पाइप पुढच्या गावी गेले होते. सासूबाई अलका गेल्यावर बाबा साताऱ्याचं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे जयपूरला, खातीपुऱ्यात आले, तेव्हा ती सगळी खोकी त्यांच्याबरोबर आली. माझा नवरा वरुण केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणजे तोही त्याच वळणाचा. मी पुण्यात एकाच घरात वाढलेली. त्या खोक्यांना ठेच लागली की माझं डोकं फिरतं, आणि ते मी लपवून ठेवत नाही.

एक वस्तू बाबांनी खोक्यात घातली नव्हती. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन. तो ते हातात घेऊन आले, आणि गाडीतही सारखा चार्जिंगला लावत आले. फोनला कुलूप होतं आणि ते उघडायची खूण आईंनी कुणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या महिन्यात त्या गॅलरीत बसून सारखं काहीतरी चित्रित करायच्या. एरवी त्यांनी काढलेलं सगळं वायफायवरून आपोआप आमच्या घरच्या अल्बममध्ये येऊन पडायचं. पण त्याच महिन्यात साताऱ्यात रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली. ती जोडायच्या आधीच आई गेल्या. आमच्याकडे त्यांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. तो असलाच तर त्या फोनमध्ये.

मोबाइलचा दुकानदार म्हणाला, कुलूप काढायचं तर आतलं सगळं पुसावं लागेल. फोन एकदा बंद पडला तर पुन्हा चालू करताना तो आधी ती खूण मागणार, आणि मग आतलं काहीच बाहेर येणार नाही, हे मीच बाबांना सांगितलं होतं. त्याला आमच्या घरचं वायफाय जोडावं तर त्यासाठीही कुलूप उघडायला हवं. साताऱ्याचा राउटर असता तर निदान फोनने त्याला ओळखलं असतं, असं मी म्हणाले, तर वरुण म्हणाला, "मतलब, तो तर कंपनीने परत नेला असणार." अलीकडे फोनची बॅटरी तासभरही टिकेनाशी झाली होती आणि चार्जरची पिन सैल पडत होती. बाबा रोज सकाळी पहिल्यांदा फोनचा दिवा बघायचे, मग चष्मा लावायचे.

होळीच्या आधीची दुपार होती. खातीपुऱ्यात अशा दुपारी वरच्या मजल्यावर उन्हाला एक पिवळी गुंगी असते. स्टेशनवरची घोषणा वाऱ्याबरोबर येते, अर्धी कळते, अर्धी विरून जाते. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. मी बोलतच होते, आणि समोरचे सगळे चेहरे एका जागी थांबले. इंटरनेट गेलं होतं.

मी नेटवर्कमध्येच काम करते, त्यामुळे कंपनीच्या नावाने बोटं मोडायच्या आधी स्वतःच्या लॅपटॉपचा नेटवर्कमधला आकडी पत्ता बघते. आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्त्यात तिसरा आकडा एकोणतीस असतो. माझ्या लॅपटॉपच्या पत्त्यात त्या जागी शून्य होतं. मी डोळे चोळले. माझा लॅपटॉप टेबलावरच होता, पण तो स्वतःला भलत्याच घरात समजत होता.

हे माझ्या रोजच्या कामातलं, तरी मला त्याची गंमत वाटायची थांबलेली नाही. यंत्र जागं होतं तेव्हा त्याला आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसतं. ते अंधारात हाक मारतं, कुणी आहे का, मला पत्ता द्या. हाक सगळ्यांना ऐकू जाते, पण उत्तर एकानेच द्यायचं असतं. तो म्हणतो, हा घे, आणि बाहेर जायचं असेल तर माझ्या दारातून जा. यंत्र म्हणतं, बरं, घेतला. तोही कायमचा नव्हे, ठरावीक मुदतीचा. मुदत संपत आली की यंत्र हळूच विचारतं, अजून राहू का? बहुतेक वेळा उत्तर येतं, राहा. कधीकधी मला वाटतं, आमच्या घरात रात्रंदिवस एवढं अदबीचं बोलणं चाललेलं असतं आणि आम्ही एकमेकांवर ओरडत असतो.

म्हणजे घरात पत्ते देणारा दुसरा कुणीतरी आला होता. त्याने आमच्या राउटरच्या आधी उत्तर दिलं होतं आणि माझ्या लॅपटॉपने ते भाबडेपणाने खरं मानलं होतं. मी तणतणत बाबांच्या खोलीत गेले.

खोली उन्हाने भरली होती. एक खोकं उघडं पडलं होतं. खिडकीत पिवळट पडलेला एक जुना राउटर लुकलुकत होता आणि आमच्या राउटरकडून भिंतीतून आलेली इंटरनेटची वायर बाबांनी त्याच्या भोकांपैकी एकात खुपसली होती. अर्थातच चुकीच्या. बाबा पलंगावर बसले होते आणि आईंचा फोन तळहातावर धरून बघत होते.

"बाबा, हे काय लावलंत? माझी मीटिंग बंद पडली."

"निशिगंधा, हे बघ," बाबा म्हणाले. ते माझं पूर्ण नाव फार क्वचित घेतात. "ह्याने तिला ओळखलं."

फोनच्या कुलूपबंद पडद्यावर वायफायची खूण उमटली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हा राउटर कंपनीने नेला नव्हता?"

"चालू वस्तू कशी देईन? साताऱ्याला आम्ही बाजारातून आलो की दारातच तिचा फोन टुंग वाजायचा. म्हटलं, हा तिला ओळखतो. बघू या."

माझा राग कुठल्याकुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. माझा लॅपटॉप आणि आईंचा फोन, दोघांनाही त्या पिवळट डब्याने साताऱ्याचे पत्ते दिले होते. क्षणभर मला खरंच वाटलं की भिंतीपलीकडे ती गॅलरी आहे आणि आई तिथे बसल्या आहेत. पण त्या डब्याच्या दारातून बाहेर जायला रस्ता नव्हता. त्याची केबल साताऱ्याच्या खड्ड्यात तुटून पडली होती.

"बाबा, फोन जोडला गेलाय, पण आतलं बाहेर येणार नाही. हा पत्ते वाटतोय, आणि पुढे वाट नाही."

"मग काढू?" बाबांचा आवाज बारीक झाला.

"काढू नका. ह्याचं पत्ते वाटणं तेवढं बंद करू. मग आईंच्या फोनने हाक मारली की हा ती फक्त पुढे पोचवेल, आणि पत्ता आपल्या घरचा राउटर देईल."

राउटरच्या पोटावरचा पासवर्ड कुणी कधी बदललेला नव्हता. मी आत शिरले, पत्ते वाटण्याची खूण काढली आणि नवं लागू व्हावं म्हणून राउटर बंद करून चालू केला. फोनवरची वायफायची खूण गेली. बाबांनी सैल पिन दोन बोटांनी दाबून धरली होती. बॅटरी तांबडी झाली होती. दूर कुठलीतरी गाडी स्टेशनात येत होती, आणि ती कितीतरी वेळ येतच राहिली.

मग खूण परत उमटली. मी आमच्या घरच्या राउटरचं पान उघडलं. वरुणच्या फोनखाली, टीव्हीखाली एक नवीन ओळ आली होती. अलकाचा फोन. आणि पुढे पत्ता, एकोणतीसवाला, आमच्या घरचा.

आई जयपूरला कधी आल्या नव्हत्या. येऊ, येऊ म्हणत राहूनच गेलं होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

अल्बममध्ये एकेक चित्रफीत येऊन पडू लागली. बाबांनी पिन सोडली नाही, म्हणून मीच माझ्या फोनवर लावत गेले. पहिलीत बाबा पेपर वाचत होते. दुसरीत बाबा खुर्चीत पेंगत होते. तिसरीत बाबा केबलवाल्याला फोनवर झापत होते. सगळीकडे बाबाच. आई फोन धरून गप्प बसलेल्या. बाबांचा चेहरा उतरत गेला.

"माझा आवाज कशाला हवा होता तिला," ते म्हणाले.

शेवटच्या फितीत बाबा कुंडीतली वाळकी पानं खुडत होते. त्यांनी मध्येच वळून विचारलं, "काय करतेस गं?"

आणि अगदी जवळून, फोन धरलेल्या हाताच्याही अलीकडून, आईंचा आवाज आला. "काही नाही हो. बघतेय तुमच्याकडे."

मी पुन्हा लावू का विचारलं, तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं. मग म्हणाले, "हा पत्ता तिच्याकडे किती दिवस राहतो?"

"एक दिवस. रोज मागावा लागतो. फोन बंद पडला की तो दुसऱ्या कुणाला जातो."

फोनचा पडदा विझत चालला होता. मी राउटरचं पान पुन्हा उघडलं. तिथे एखाद्या यंत्राच्या नावावर पत्ता राखून ठेवायची सोय असते. यंत्र येवो न येवो, तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. प्रिंटरसाठी वापरतात. मी आईंच्या ओळीवर ती खूण केली.

"आता नाही जाणार," मी म्हणाले.

बाबांनी पिनेवरची बोटं हळूच काढून घेतली.