मध्यंतराआधीचं

पुस्तकाच्या पाठीचा डिंक सुटला होता आणि शेवटची पानं पुढे आली होती, दात पुढे आल्यासारखी... तिनं ती बोटानं आत ढकलली, तर ती हळूच पुन्हा बाहेर. असू दे. तिला तरी पहिल्या पानांची कुठे घाई असायची? कादंबरी हाती पडली की ती शेवटचं प्रकरण आधी वाचायची. वाचनालयातली बाई, चष्मा केसांत खोचून तोच टेबलभर शोधणारी, तिला म्हणायची, आजी, तुम्ही लेखकाच्या पोटावर पाय देता. देते खरी. पण शेवट ठाऊक असला की वाचताना धावावं लागत नाही, रमतगमत जाता येतं.

ही कादंबरी मधमाश्या पाळणाऱ्या दोघा भावांची. शेवटी धाकटा रिकामी पेटी उन्हात ठेवतो आणि बघत बसतो, एवढंच. त्या एका पेटीवरून तिनं कालपासून मनात अख्खं घर उभं केलं होतं – थोरला तापट, त्याची बायको सोशिक – आणि आता पहिल्या पानापासून वाचताना लेखकाचं आणि आपलं कुठवर जमतं ते ती पाहत होती. जमत नव्हतं. थोरला गरीब गाय होता आणि सोशिक बायको चांगली दीडशहाणी निघाली होती, पण अर्ध्या पुस्तकापर्यंत तिला ती दीडशहाणीच आवडू लागली. झकास पुस्तक. मधली कोर्टकचेरी तेवढी नसती तर अजून झकास.

खोड जुनी होती. उमेदीची सगळी वर्षं सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीमागे गेली. लोक आत जायचे, सिनेमा सुरू व्हायचा, आणि ती खिडकीतच... उशिरा येणारे, उद्याची तिकिटं हवी असणारे. खिडकी बंद करून ती वर जाई तेव्हा सिनेमा संपत आलेला असे. दारवाले काका पडदा बाजूला धरत, आणि ती मागच्या भिंतीला टेकून उभी राही. अंधारात कुणी तरी रडत असे, कुणी कुणाला माफ करत असे – का, ते तिला ठाऊक नसे. मग घरी चालत जाताना ती सुरुवात रचायची. सुटीच्या दिवशी जाऊन पहिल्यापासून बघता आलं असतं. पण सुटीच्या दिवशी पुन्हा त्या इमारतीचं तोंड बघायला कोण जाणार?

घरी नवरा ताट झाकून वाट बघत असायचा. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याभोवती भिंगाचा वळ घेऊन. विचारायचा, "आज कोण मेलं?" ती सांगायची. तो चुका काढायचा... मुलगी लहानपणीच हरवली तर बापानं तिला ओळखलं कसं? मग दोघं जेवता जेवता बापाला दुरुस्त करायची.

आता नवरा नाही. सिनेमे मात्र सगळे घरात येतात, हवे तेव्हा, पहिल्यापासून. लेकीनं तिला ते सगळं शिकवलं होतं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरावरची ती मालिका तर दोघींनी चार दिवसांत संपवली. सात भागांत आटपली असती, उगीच पाणी घालून दहा केले, पण त्यातली मुख्य स्वयंपाकीण – काय काम केलं होतं त्या बाईनं, नुसता झारा आपटून राग दाखवायची! मागच्या महिन्यात बोटीवरचा जुना सिनेमा सापडला, तिनं तेव्हा नुसता शेवट पाहिलेला. तोही सुरेख. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिला आपण रचलेली बोट आठवेना. तिच्या बोटीवर एक आचारी होता, नवऱ्यानं घातलेला. तो काय बोलायचा, का भांडायचा... काहीच नाही. खरी सुरुवात आली आणि खोटी निघून गेली, न सांगता, चपलाही न वाजवता. त्या खोट्या सुरुवातीसोबत नवऱ्याचं एक वाक्यही गेलं.

आणि आज दुपारी ऑफिसातून लेकीचा फोन. किल्लीवाला सिनेमा सापडला होता. संध्याकाळी बघायचा.

किल्लीवाला... त्याचं नावही तिनं कधी नीट घेतलं नव्हतं. पांढऱ्या केसांची बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीच्या हातावर ठेवते, गल्लीतून चालत जाते आणि हसते. एवढाच तिनं पाहिलेला. लेक लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा तिच्या उशाशी बसून दोघं नवराबायको त्या हसण्यामागची गोष्ट रचत होती, रोज थोडी. ही गोष्टही तशीच गेली तर? बाकीच्या गेल्या तरी चालतील. ही नको.

लेक आली, चहा झाला, पडद्यावर नाव झळकून थांबलं.

"लावू?"

"थांब. आधी तू सांग."

"काय सांगू?"

"मी सांगितलेली गोष्ट. तुला आठवते तशी."

लेकीनं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग पाय वर घेऊन बसली आणि सांगू लागली. शिंपीण होती ती बाई. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायची, स्वतःला मात्र जुनंच. तिचं ते लंगडं कुत्रं –

"कुत्रं कुठलं? आम्ही कुत्रं घातलंच नव्हतं."

"असं कसं? मी विचारलं होतं, एवढ्या घरात एकटीला भीती नाही वाटत? बाबा म्हणाले, कुत्रं आहे ना दाराशी. लंगडं का, तर म्हणाले, त्याचा काटा ढिला आहे."

त्याचा काटा ढिला आहे. हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं... ती तेव्हा पाणी आणायला आत गेली असेल, किंवा कामावर. नवऱ्याचं एक अख्खं वाक्य, तिनं कधीही न ऐकलेलं, आणि आवाज मात्र तोच, जेवता जेवता चुका काढणारा. म्हणजे गोष्ट माझ्याजवळ पुरती नव्हतीच कधी. मी इतकी घट्ट धरून बसले होते, आणि तिचं कुत्रं दुसरीकडेच वाढत होतं.

लेक पुढे सांगत होती, तिच्या सांगण्यात शिंपिणीला एक भाऊही फुटला होता, हा कुणी घातला, बाबांनी की हिनंच मागाहून... तिनं विचारलं नाही. पडद्यावरचं नाव बराच वेळ तसंच थांबलेलं होतं. लावेल ती, किंवा नाही लावणार. तिला आता कशाचीच घाई वाटत नव्हती. ती फक्त ऐकत राहिली, भिंतीला टेकून, आणि पहिल्यांदाच पुढे काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं.