खंडेनवमीचा बॉल

आमच्या यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. सहा वर्षं मॅच बघूनसुद्धा कुठल्या रेषेबाहेरून टाकला की तीन पॉइंट मिळतात, हे उपेंद्रराव अजून शेजारच्याला विचारतात. पण दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागे जे कॉलेज आहे, त्याच्या टीमची इथली एकही मॅच त्यांनी चुकवलेली नाही. त्या टीमचं नाव ओरिक्स. माझ्या घरात देवाच्या खालोखाल हे नाव घेतलं जातं.

आम्हाला मूल नाही. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, कारण ते ऐकलं की लोक मान हलवून ‘अच्छा, म्हणून होय’ म्हणतात. म्हणून नाही. एका ऑगस्टमध्ये बिल्डिंगचा एसी बंद पडला, हे थंड हवेसाठी कॉलेजच्या जिममध्ये जाऊन बसले आणि तिथलेच झाले. इतकं साधं कारण आहे. माणसाला वेड लागायला फार मोठं काही लागत नाही.

पुढचं सगळं ओघाने आलं. फॅक्टरीतून सुटले की हे टीमची जर्सी चढवणार, पोट त्यातून बाहेर डोकावणार, आणि पहिल्या रांगेत बसून ‘यल्ला ओरिक्स!’, म्हणजे ‘चला ओरिक्स!’, असं ओरडून घसा फोडणार. मी सोबत साबुदाणे वडे करून न्यायचे. मॅचनंतर मुलं घोळका करून डबा फस्त करायची, ‘थँक्यू आंटी’ म्हणायची आणि आम्हाला विसरून निघून जायची. मला ते दिसायचं. यांना फक्त रिकामा डबा दिसायचा, आणि ते त्यावर खूश असायचे.

टीमचा कॅप्टन शौर्य. आईवडील मूळचे कोथरूडचे, पोरगा इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून देणार. उपेंद्ररावांचा त्याच्यावर फार जीव. ‘आपला मुलगा कॅप्टन आहे’ असं ते फॅक्टरीत सांगायचे, तेव्हा नवीन माणसाला तो खरंच आमचा मुलगा वाटायचा आणि हे त्याची समजूत दुरुस्त करायचे नाहीत.

गेल्या वर्षी कुठलीशी मॅच जिंकल्यावर शौर्यने घामाघूम हात यांच्या गळ्यात टाकला आणि म्हणाला, “अंकल, नेक्स्ट इयर फायनल्स डेला यू आर ऑन द बस विथ अस. प्रॉमिस.”

झालं. त्या बसमध्ये फक्त खेळाडू आणि कोच बसतात. आईवडीलसुद्धा आपापल्या गाडीने येतात. त्या बसमधली एक सीट आपली, म्हणजे आपण टीमचे, हे यांच्या डोक्यात जे पक्कं झालं ते झालंच. वर्षभर मी दुसरं काही ऐकलं नाही. यंदाचा फायनल्स डे इथून तासाभरावर, उम्म अल कुवैनला होता. सेमीफायनल जिंकली तर फायनल, हरली तर तिसऱ्या नंबरची मॅच, दोन्ही तिथेच आणि त्याच दिवशी. “म्हणजे बस काही चुकत नाही,” असं हे मला पुन:पुन्हा सांगायचे. मी म्हणायचे, “हो, चुकत नाही, आता जेवा.”

सेमीफायनल नेमकी दसऱ्याला आली. आदल्या दिवशी खंडेनवमी. यांचे वडील पुण्याला कारखान्यात फिटर होते. त्यांच्या घरी खंडेनवमीला पाने, हातोड्या, पकडी सगळं धुऊन पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचे आणि हळदकुंकू वाहायचे. हे दरवर्षी आपला लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडतात. यंदा म्हणाले, “टीमचं हत्यार कुठलं? बॉल! त्याची पूजा नको?”

शौर्यकडे मागायला गेले. तो हसत सुटला आणि कोपऱ्यातला प्रॅक्टिसचा एक जुनाट बॉल त्याने यांच्याकडे भिरकावला. यांनी तो असा घरी आणला की जणू नवी सूनच आणली. साबणाने धुतला, टॉवेलने पुसला, आणि वडील करायचे तसा खोबरेल तेलाचा हात फिरवला.

“अहो, बॉलला तेल लावतात का?” मी म्हटलं.

“हत्याराला लावतात,” हे म्हणाले. झेंडूचं फूल वाहिलं, घंटा वाजवली. मी आपली ताम्हन घेऊन उभी. बॉल सारखा घरंगळायचा, म्हणून खाली चुंबळ ठेवली. हसू येत होतं, पण हात जोडले. पूजेत हसायचं नसतं.

दसऱ्याला मॅचच्या आधी हे तो बॉल पिशवीत घालून मुलांकडे घेऊन गेले. शौर्यने हातात घेतला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“अंकल, डिड यू फ्राय इट? इट्स ऑल ग्रीसी! कीप इट विथ आंटी, प्लीज.”

शेजारी अबरार उभा होता, टीममधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात गरीब स्वभावाचा मुलगा. तोही हसला. यांनी बॉल पिशवीत परत घातला, आणि मॅच संपेपर्यंत ती पिशवी माझ्या पायांत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. बॉल माझ्या दोन पायांच्या मध्ये होता. मॅचचा बॉल वेगळा, करकरीत, स्कोअरच्या टेबलावरच्या माणसांनी तपासलेला.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. अगदी अखेरीला ओरिक्स एका पॉइंटने मागे होती, आणि शौर्यला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कोणी आडवं येत नाही, निवांत उभं राहून टाकायचं. एक गेला तरी बरोबरी, दोन्ही गेले तर जिंकलो. हे डोळे मिटून अथर्वशीर्ष पुटपुटत होते. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा रिंगलाही लागला नाही.

खलास. समोरची टीम नाचायला लागली.

हे सांत्वन करायला खाली धावले. मी पिशवी आणि डबा सावरत मागोमाग. खाली कोच लियाकत सर शौर्यला सगळ्यांसमोर फाडून खात होते. कॅप्टनपद गेलं, फायनल्स डेला बेंचवर बसशील, स्कॉलरशिपचं काय ते डीन बघतील. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. त्याची नजर इकडेतिकडे फिरली आणि यांच्यावर येऊन थांबली. मी ती नजर पाहिली. बुडणारा माणूस जवळचं लाकूड बघतो ना, तशी.

“सर, द बॉल वॉज स्लिपरी,” तो म्हणाला. “अंकल पुट ऑइल ऑन इट. फॉर सम पूजा. आस्क हिम.”

लियाकत सर वळले. त्यांनाही वर कोणाला तरी सांगायला कारण हवंच होतं. “अंकल, आपने बॉल को तेल लगाया था?”

मी पिशवीची चेन उघडायला हात घातला. यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. यांनी शौर्यकडे पाहिलं, मग सरांकडे.

“हाँ सर. मेरी गलती है.”

अबरारला सगळं ठाऊक होतं. तो आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. शौर्यने सुस्कारा सोडला, आणि लगेच चिडल्याचं नाटक करत बाटली लाथाडली. कोणीतरी म्हणालं, “अनबिलिव्हेबल, मॅन.” आम्ही बाहेर आलो. त्या दिवशी डबा कोणी उघडलाच नाही.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. “डोकं फिरलंय का तुमचं? बॉल इथे माझ्या मांडीवर आहे!”

“माहितीये,” हे म्हणाले. चेहऱ्यावर चक्क समाधान! “मनू, पोराचं वर्ष गेलं असतं. टीममध्ये असंच असतं. एकाने दुसऱ्याचं अंगावर घ्यायचं.”

“तुम्ही टीममध्ये कधी होता?”

“आज झालो,” हे म्हणाले. “शौर्यला माहितीये ना खरं काय ते. बस.”

मला रडू आलं, ते रागाचं होतं की कशाचं ते मला ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलांमध्ये मोबाईलवर यांचं स्टिकर फिरायला लागलं. यांचा ओरडतानाचा चेहरा, आणि डोक्यावर तेलाची बाटली ओतली जातेय. शेजारच्या हुमेराच्या मुलाने यांना पाठवलं. हे पोट धरून हसले. “बघ, माझं स्टिकर केलं! आपल्या माणसाचंच करतात असं.” कॉलेजमधून फोन आला की काही दिवस जिममध्ये येऊ नका, तेव्हा म्हणाले, “बरोबरच आहे, कोचला दाखवायला काहीतरी करावंच लागतं. बसचं काही बोलले नाहीत.”

फायनल्स डेच्या सकाळी यांनी नवी जर्सी घातली. पाठीवर ‘अंकल’ असं छापून घेतलं होतं. मी वडे तळले. का तळले, ते मला विचारू नका. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही.

बस गेटपाशी उभी होती. पायरीवर शौर्य. कॅप्टनचा बिल्ला जॅकेटवर तसाच.

“गुड मॉर्निंग, कॅप्टन!” हे म्हणाले. “कुठली सीट माझी?”

“अंकल, सॉरी. कोच सेड नो.” तो यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. “पण... आय मीन, इज दॅट फूड फॉर अस?”

मी पुढे झाले. “शौर्य, माझ्याकडे बघ. कुठला बॉल होता रे तो? सांग ना एकदा. फक्त यांना सांग, कोचला नको.”

“आंटी, प्लीज डोन्ट क्रिएट अ सीन. ही हिमसेल्फ अॅडमिटेड इट.”

हे बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. आठ-दहा दिवसांत त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता की तेलामुळे हरलो. मी थापड मारायला हात उचलला असता. पण तोपर्यंत यांनी माझ्या हातातून डबा काढून त्याला दिलासुद्धा होता. “गरम आहेत अजून. चटणी खालच्या खणात.” बसचं दार बंद झालं.

मला वाटलं, संपलं. पण हे म्हणाले, “आपण गाडीने जाऊ. सीट नाही तर नाही. मॅच तर बघायला कोणी अडवत नाही.” उम्म अल कुवैनपर्यंत यांनी गाडी त्या बसच्या मागे ठेवली. बस लेन बदलायची की हे लेन बदलायचे. मागच्या काचेतून दोनतीन मुलं आमच्याकडे बघून मोबाईल धरत होती. हे हात हलवत होते.

हॉलच्या दाराशी गार्ड होता, बिहारकडचा असावा. त्याने यांच्याकडे पाहिलं, मोबाईल काढला, परत यांच्याकडे पाहिलं.

“अंकलजी, आप को अंदर नहीं छोड़ सकता. ओरिक्स के कप्तान ने सुबह ही फोटो भेजा है, ये आदमी आए तो रोकना. कुछ तेल-वेल का चक्कर बताया.”

त्याने मोबाईल आमच्याकडे फिरवला. गेल्या वर्षीच्या विजयानंतरचा फोटो होता. मुलं ट्रॉफी उंचावून उभी, मधोमध उपेंद्रराव, दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर, डोळे आनंदाने मिटलेले. तो कोणी काढला आणि कधी, आम्हाला माहीतच नव्हतं. कोणी पाठवला नव्हता कधी. यांच्या चेहऱ्याभोवती लाल रंगाचा जाड गोल काढला होता.

काचेच्या दारातून आत मुलं दिसत होती. डबा उघडून वडे खात होती.

हे फोटोकडे बघत राहिले. बराच वेळ. मी त्यांचा दंड धरला, म्हटलं, “चला घरी.” मला वाटलं, आता तरी कळेल या माणसाला. आता खाली बसेल, रडेल, मग मी काहीतरी करीन, पाणी देईन, शिव्या घालीन त्या पोरांना.

“भाईसाब,” हे गार्डला म्हणाले, “ये फोटो मुझे फॉरवर्ड करोगे?”

गार्ड गोंधळला. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने फॉरवर्ड केला.

परत येताना गाडी मी चालवली. हे शेजारी बसून मोबाईलवर काहीतरी करत होते, चष्मा कपाळावर. शारजा ओलांडेपर्यंत माझा फोन वाजायला लागला. सिग्नलला उघडून बघितला. यांनी तो फोटो पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता, लाल गोलासकट. खाली लिहिलं होतं, ‘आमची टीम’.

धाकटी जाऊ अस्मिता पहिली. ‘अय्या, भावजींना गोल करून दाखवलंय! किती मान देतात हो!’ मग नणंदेचे यजमान, मग सगळेच. टाळ्या, फुलं, गणपती.

“बघ,” हे म्हणाले, “सगळ्यांना आवडला.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी हिरवा सिग्नल बघितला, आणि निघण्याआधी ग्रुपवर मीही एक फूल पाठवलं.