जाताना दहा, येताना बारा

“अंतर तेच, विमान तेच. मग जाताना दहा तास आणि येताना बारा कसे, काका?” नव्या मालकांनी प्रूफ माझ्या टेबलावर आपटलं.

“वरच्या वाऱ्यामुळे,” मी म्हटलं. “जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर.”

“हा फोन बघा. आठ हजार आठशे किलोमीटर, दहा तास. विषय संपला.”

“अंतराला वेगानं भागलं की झालं? तुमच्या फोनला वारा लागत नसेल.”

एकतीस वर्षं मी या छापखान्याच्या डायरीची प्रूफं तपासतोय. शेवटच्या पानावर शहरांमधली अंतरं आणि विमानाचे तास यांचं कोष्टक असतं. ते कुणी वाचत नाही, मी वाचतो. थोरले मालक माझी सही बघून डोळे झाकून पान छपाईला सोडायचे. त्यांच्या या चिरंजीवांना शाईचा वास सहन होत नाही आणि निघालेत छापखाना चालवायला.

“या ओळीतल्या शहरातच तुमची मुलगी असते ना?” ते म्हणाले. “लावा फोन. ती बारा म्हणाली तर तुमचं खरं. नाहीतर दहा करा, सही करा आणि उद्यापासून घरी बसा.”

मी फोन लावणार नाही, याची त्यांना खात्री होती. आम्हा बापलेकीचं बोलणं नाही, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी ती तिकडं राहायला गेली आणि महिन्याभरात तिचं आठ पानी पत्र आलं. मी त्यातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ते परत पाठवलं. चुका होत्याच, मग काय बरोबर म्हणायचं? दुसरं पत्र आलं नाही.

पण या माणसापुढे माघार घेणार नव्हतो. फोन उचलला. नंबर कधी लावला नव्हता, तरी पाठ होता.

“मी बोलतोय.”

“बाबा? काय झालं? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. एवढंच सांग, तिथून इकडं यायला किती तास लागतात?”

तिचा आवाज बदलला. एवढा मऊ आवाज मी ती शाळेत असतानाच ऐकला होता.

“मी येऊ? येऊ म्हणताय, बाबा?”

मालक हाताची घडी घालून समोर उभे होते, गालातल्या गालात हसत. ते हसणं बघून माझं डोकं फिरलं.

“नाही,” मी म्हटलं. “डायरीत छापायचंय. दहा की बारा?”

“डायरीत,” ती म्हणाली. “मला काय माहीत? मी कधी परत आलेय?”

तिनं फोन ठेवला. मी तो कानाला तसाच धरून उभा राहिलो. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

“काय म्हणाली?” मालकांनी विचारलं.

बारा खरं होतं. आजही शपथेवर सांगेन. पण माझी मुलगी सहा वर्षांत एकदाही आली नाही, हे या माणसाला सांगणं मला जमलं नाही.

“दहा म्हणाली.”

बारावर काट मारली, शेजारी दहा लिहिलं आणि खाली सही केली. मालक प्रूफ घेऊन निघून गेले. मी टेबलाचा खण आवरायला घेतला.