डिपस्टिकची कॉलर

दुपारी गिऱ्हाईक येणार म्हणून दादाने सकाळीच गाडी धुऊन लख्ख केली होती. आणि मी बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं होतं.

"छकुले, सोड ना आता," तो म्हणाला. चाळिशी ओलांडली तरी मी ह्याची छकुलीच! "मेकॅनिकने हात टेकले. तू काय दिवे लावणार?"

"लावीन की. आधी बाजूला हो, उजेड अडवतोयस."

तो पाय आपटत गिऱ्हाइकाला आणायला बसस्टॉपवर गेला.

गाडी बाबांची. ते गेल्यावर आईने पंचावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. शिवणकामाचं दुकान ती आणि मी चालवतो. शिवलेले कपडे पोचवायचे, मावशीकडे जायचं, नाहीतर उगाच एक चक्कर मारून यायचं, कशासाठीच तिला कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. पण हल्ली गाडी थांबली रे थांबली की तिला हुडहुडी भरायची. धावताना अगदी शहाण्यासारखी, उभी राहिली की थडथड. परवा तर भर चौकात बंदच पडली. मागे ट्रक, हॉर्नचा नुसता कालवा.

दादा घाबरला, ते मला कळतं. पण म्हणून लगेच गिऱ्हाईक शोधायचं? वर आईला म्हणाला, "कुठे जायचं असेल तर मला फोन कर." ह्याचा फोन लागतो कधी? माझं डोकंच फिरलं. गाडी गेली की आई घरात कोंडली जाणार होती. माझ्या जिवात जीव असेपर्यंत मी हे होऊ देणार नव्हते.

मेकॅनिकने प्लग बदलले होते, एअर फिल्टर नवा घातला होता आणि "इंजिनच थकलंय" म्हणून तो मोकळा झाला होता. आमच्या दुकानाची रीत वेगळी. मशीन टाके सोडायला लागली की मशीनला नावं ठेवायची नाहीत. आधी दोरा बघायचा, मग सुई, मग बॉबिन. जे हाताने काढता-घालता येतं ते आधी, कारण माणसाचा हात तिथेच लागलेला असतो.

गाडी चालू केली. थड थड थड. एकेक नळी चाचपत गेले. इंजिनाच्या पोटातली वाफ परत खेचून घेणारी एक जाड नळी असते. ती चिंधीत गुंडाळून पकडीने चिमटली, तर थडथड थांबली! सोडली, पुन्हा सुरू. म्हणजे ह्याच वाटेने फुकटची हवा आत शिरत होती, आणि इंजिनाच्या पोटाला कुठेतरी भोक होतं. मग तेल भरायचं झाकण उघडून पाहिलं. चालू इंजिनाचं ते झाकण काढलं की आवाज बदलायला हवा. काडीचाही फरक नाही. दुसरीकडे कुठेतरी आधीच उघडं होतं म्हणून.

उरली तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक. ती वर ओढली आणि बघतच राहिले. मुठीखाली, जिथे रबराचं कडं असतं तिथे, निळ्या चौकड्याच्या कापडाची कॉलर होती. दुहेरी घडी, कडा आत मुडपलेली, वर बारीक टीप. कापड बाबांच्या शर्टाचं. काम कुणाचं, हे काय विचारायचं? बाबा दर रविवारी तेल बघायचे, आता आई बघते. रबर तुटलं असेल, पट्टी खुळखुळली असेल, आणि बाईसाहेबांनी तिला कॉलर शिवून दिली. फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही. पण कापडातून हवा जाते, हे शिंप्याला कुणी सांगायचं?

पट्टीच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. इंजिन शांत झालं. मला रडूच आलं, आणि पाठोपाठ दादा आठवला. दादाला कळलं तर? "बघ, आईनेच बिघडवली. तिच्या हातात गाडी द्यायची?" मी इंजिन बंद केलं आणि कॉलर मुठीत दाबली.

गळ्यात टेप घालून आई दारात उभी होती. "आवाज बदलला गं."

"रबर गेलं होतं."

"मूठ उघड."

आईपुढे माझी डाळ कधी शिजली आहे? उघडली. तिने कॉलर उचलली, उलटीसुलटी केली. "म्हणजे माझ्यामुळे?"

"कापड होतं म्हणून, आई. तिथे रबर लागतं."

ती वळून आत गेली. आता विकायला म्हणून गाडीचे कागद आणून माझ्या हातावर ठेवणार, असं वाटलं. पण ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, आणि ती बॉबिन भरायच्या चकतीचं नवं कोरं रबर घेऊन आली.

"हे बसतं का बघ."

"तूच बसव."

तिने ते पट्टीवर चढवलं आणि पट्टी घट्ट दाबून बसवली.

"उद्या गाडीचं रबर आणू," मी म्हटलं. "तोवर हे चालेल."

दादा गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा गाडी चालू होती. गिऱ्हाइकाने कान लावला आणि तो खूश झाला. "अहो, तुम्ही तर म्हणालात थडथडते! घेतली समजा."

दादा माझ्याकडे बघायला लागला. "काय झालं होतं?"

मी थाप मारायला तोंड उघडलं, पण आईनेच सांगून टाकलं. "माझी चूक झाली. तुझ्या बाबांच्या शर्टाची कॉलर घातली होती मी पट्टीला. आता रबर घातलंय, तेही मीच." तिने कॉलर त्याच्या हातात दिली. "गाडी विकायची नाही. आण ती चावी."

दुसरी चावी दादाच्या खिशात होती. चौकड्याच्या कापडावरून त्याने दोनदा अंगठा फिरवला आणि चावी काढून दिली.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," आई गिऱ्हाइकाला म्हणाली. "बसा, स्टॉपवर सोडते. तुम्ही दोघं मागे बसा रे."

चौकात लाल दिवा लागला. तोच चौक, मागे ट्रक. गाडी थांबली. दादाने माझं मनगट घट्ट धरलं. कुठे थडथड नाही, काही नाही. त्याला राहवेना.

"आई, बंद पडली का गं?"

"चालू आहे," आई म्हणाली, आणि दिवा हिरवा झाल्यावर तिने गाडी काढली.