खळीचा परकर

मी आयोडीन बोलतेय. बसलेला हादरा अजून जात नाही, म्हणून तोंड उघडते.

माझा जन्म आताकामाच्या वाळवंटातला. सान अब्दोनच्या कारखान्यात दगड उकळून सोरा काढतात आणि उरलेल्या पाण्यातून मला. आम्ही बहिणी सगळ्याच हावऱ्या. बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठवा मिळेपर्यंत जिवाला चैन नाही. फ्लोरीन दिसेल त्याच्याकडून हिसकावते. क्लोरीन मला क्षारातून हाकलून माझी जागा बळकावते. मी जड, करडी, त्यातल्या त्यात सोशिक. पण जरा ऊब लागू द्या, जांभळी वाफ होऊन निघालेच! म्हणून मला पिंपात कोंडतात.

अशी चौदा पिंपं गुदामात भरलेली, आणि शंभर पावलांवर कारखान्यातल्या एलेउतेरिओचा पाय सडत होता. उकळत्या हौदाशी पोटरी भाजलेली. त्याची बायको रोसेंदा गुदामातल्या गड्यांचे सदरे धुते. रविवारी ती मळके कपडे न्यायला आली तेव्हा बोलली.

"डॉक्टर म्हणतात, आयोडीन संपलं. जहाजातून येईल तेव्हा येईल. उद्या पाय कापणार."

मी थिजले. मी इथं ढिगानं पडलेय, आणि समुद्रापार जाऊन बाटलीत बसून परत येईपर्यंत यानं पाय गमवायचा?

गड्यांनी पाठ फिरवली. मुद्दाम फिरवली, मी पाहिलं. रोसेंदानं मला मूठभर उचललं, फडक्यात बांधलं आणि परकराच्या खिशात टाकलं.

इथंच चुकली. गड्यांच्या सदऱ्यांना ती कधी खळ लावत नसे, कारण खळ दिसली की मी निळी होते. पण आज देवळात जायचं म्हणून स्वतःच्या परकराला कडक खळ होती. त्यात ऊन, त्यात घाम. मी फडक्यातून पाझरले आणि फाटकापाशी पोचेपर्यंत तिचा पांढरा काठ काळानिळा झाला. मीच केलं ते. थांबताच येईना!

"रोसेंदाबाई," पहारेकरी सेफेरिनो ओरडला, "परकराला शाई पाजलीस काय गं? बस इथं. साहेबांना आणतो."

त्यानं तिला चौकीत कोंडलं. आत पीका गावची म्हातारी एर्मोसिना विकायच्या लिंबांची टोपली घेऊन बसलेली.

"आजी, चाकू आहे?"

"कुणाला भोसकतेस?"

"लिंबं काप. पटापट!"

धोबीणच ती, माझे डाग कशानं जातात ते तिला ठाऊक. दोघींनी टोपलीभर लिंबं काठावर पिळली. लिंबानं मला हवा तो इलेक्ट्रॉन देऊन टाकला आणि माझा रंगच गेला. पाहता पाहता परकर पांढराशुभ्र! पुरचुंडी म्हातारीनं लिंबांच्या सालींखाली सारली.

साहेब आले. वाकून पाहिलं.

"निळा कुठाय? आणि ओला कसा?"

रोसेंदा मान ताठ ठेवून म्हणाली, "साहेब, तुमच्या माणसानं इतकं दरडावलं, झालं भीतीनं. वास घेता?"

साहेब दोन पावलं मागे. सेफेरिनो डोळे चोळतोय. म्हातारीनं त्यावर मीठ चोळलं, "सकाळीच घेतलीस का रे लेका?"

म्हातारीच्या टोपलीतून मी फाटकाबाहेर पडले. संध्याकाळी रोसेंदानं मला दारूत विरघळवलं आणि जखमेवर ओतलं. एलेउतेरिओनं दिलेल्या शिव्या मी इथं सांगणार नाही. रात्रभर मी त्या सडक्या जखमेत झुंजले.

सोमवारी डॉक्टर करवत घेऊन आले. पट्टी सोडली. घाण वास गेला होता, कडा लालसर झाल्या होत्या. त्यांनी तपकिरी डाग पाहिला, माझा वास ओळखला. रोसेंदाचे ओठ पांढरे पडले. आता संपलंच, असं मलाही वाटलं.

डॉक्टरांनी करवत पिशवीत टाकली, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "बाई, थोडं उरलंय का? दवाखान्यात अजून दोघं आहेत."

कंपनीचा डॉक्टर चोरीचं आयोडीन मागत होता! रोसेंदानं बाटलीतून अर्धं ओतून दिलं.

आता मी इथं दोन बोटं उरलेय, दिव्यामागे. एलेउतेरिओ काठी घेऊन चालतो. बाहेर चौदा पिंपं गाडीत चढताहेत. वाचणाऱ्यांनो, कुलपात औषध आणि कुलपाबाहेर जखम असं कुठं दिसलं, तर परवानगीची वाट पाहत बसू नका. कुलूप तोडा.